बाईच्या खिंडीतली मोटार

१४ नोव्हेंबर १९४३, मुरबाड

आजपासून रोज लिहायचं. असं याआधीही ठरवलं होतं, कल्याणला भातगिरणीत होतो तेव्हा, आणि नाटकमंडळीची पेटी डोक्यावर वाहत होतो तेव्हा. दोन्ही वेळा आधी नोकरी सुटली, मग लिहिणं. या खेपेला नोकरी टिकेल, कारण ती चाकांवर आहे. मला एका जागी बसवत नाही हे आमच्या वैशाखऱ्यातल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे.

देवरामदादाच्या सर्व्हिस मोटारीवर किलिंडर म्हणून, म्हणजे ड्रायव्हरच्या हाताखाली, लागलो. मुरबाडहून सकाळी निघायचं, सरळगाव, किन्हवली, सापगाव करत शहापूर, संध्याकाळी उलट. मोटार दादाच्या मेव्हण्याची, वाल्मिकशेठची. पण शेठ फक्त पाटीवरच्या नावात असतो. बाकी सगळी मोटार दादाची. बारा-तेरा वर्षं तोच हाकतो. टप त्यानं स्वतः ठोकलाय, बाकं त्यानं स्वतः रंधून बसवलीत.

रंग चांगला आहे, निळा. नाटकात इंद्राच्या दरबाराला असाच रंग होता.

१६ नोव्हेंबर

काल लिहायचं राहिलं. आज मोटार गेलीच नाही. लढाईपायी पेट्रोल कूपनावर मिळतं, आणि कूपनाचं पेट्रोल आठवड्याच्या मध्यावरच संपतं. चोरून विकणारे शहापुरात आहेत, पण दर खेपेला भाव चढलेला. आजचा भाव ऐकून दादा म्हणाला, "एवढ्यात मी टाकीत अत्तर ओतीन रे, निदान लोक वास घेत बसतील."

मी हसलो. तो हसला नाही.

शहापूरच्या एकाची लॉरी तेल नाही म्हणून दारात उभी होती. मिलिटरीवाले आले, चिठ्ठी दिली, घेऊन गेले. दादा म्हणतो, चालती गाडी ठेवतात, उभी दिसली की नेतात. आज तो दिवसभर अंगणात मोटारीपाशी बसून होता, भोंगा पुसत. रंभावहिनी जेवायला बोलवायला दोनदा आल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "तिलाच वाढू का पान?"

२२ नोव्हेंबर, कल्याण

शेठनं मार्ग काढला. मोटार आता कोळशावर चालणार! मागच्या अंगाला माणसाच्या उंचीचा लोखंडी बंब बसवलाय. त्यात लाकडी कोळसा पेटवायचा, त्याचा वायू नळीतून इंजिनात जातो आणि पेट्रोलचं काम करतो. मुंबईकडे अशा कितीतरी मोटारी धावतात म्हणे.

मिस्त्री दादाला बराच वेळ समजावत होता. मी ऐकणार होतो, पण समोर एक माणूस उंट घेऊन आला. कल्याणात उंट! मी त्याच्यामागे स्टेशनापर्यंत गेलो. परत आलो तर मिस्त्री बोट नाचवून सांगत होता, "पाठचं उघडं ठेवायचं. दिसत नाही, वास नाही, म्हणून उघडं ठेवायचं." कशाला वास नाही ते मी विचारलं नाही. उंटाला तर पुष्कळ होता.

२९ नोव्हेंबर

सकाळचं माझं काम असं. बंबात कोळसा भरायचा, खालून पेटवायचा, आणि पंख्याचं हँडल फिरवत बसायचं, विस्तव लाल होऊन नळीतून दम येईपर्यंत. हात खांद्यातून निखळतात. कोळसा लखमा आणतो. त्याच्या भट्ट्या आटगावच्या अंगाला जंगलात आहेत. तो पोत्यावर बसून मला हँडल मारताना बघतो आणि म्हणतो, "चांगला चाललाय तुझा दळन."

मोटारीला पहिला जोर नाही. सपाटीवर ठीक, चढ आला की म्हातारीसारखी कण्हते. पण चालते! दादानं आज उतारावर मला दोन मिनिटं चाक धरू दिलं.

मागच्या बाकाला भाडं कमी. पूर्वी तिथं धक्के बसतात म्हणून कोणी बसत नसे. आता बंबाची ऊब लागते, तर थंडीच्या या दिवसांत बायका त्या बाकासाठी भांडतात. खिडक्यांचे कापडी पडदे सोडले की आत शेकोटीसारखं होतं. सगळ्यांत आधी जागा धरते ती गोजर. सरळगावची आहे, नवरा नाही, कोंबड्यांचं डालगं घेऊन शहापूरच्या बाजाराला जाते. आज चढता चढता म्हणाली, "तेल महाग झाला तं मोटार चिलीम वढाया लागली गो बाय!" सगळी मोटार हसली. दादासुद्धा.

३ डिसेंबर

डोकं दुखतं. मागच्या फळीवर उभं राहून धूळ लागत असेल. काल मला उगाच गाणी सुचत होती आणि पाय कापसाचे झाले होते. गोजर म्हणाली, "पिऊन आलायस का रे दाम्या?" शपथ, नाही.

११ डिसेंबर

आज विपरीत घडलं.

किन्हवलीच्या अलीकडे एक खिंड आहे, बाईची खिंड. कडेला शेंदूर लावलेला दगड आहे, तीच बाई. चढ खडा आहे. तिथं मोटार बैलगाडीच्या चालीनं जाते. खिंड चढून आलो आणि गोजर ओरडली. डालग्यात आठ कोंबड्या होत्या, पाच माना टाकून पडलेल्या. रक्त नाही, जखम नाही. उरलेल्या तिघी दारू प्यायल्यासारख्या झुलत होत्या. बाकावरच्या दोन बायकांना उमासे येत होते.

देवाचं बघणारा धर्मा भगत गाडीत होता. पुढच्या बाकावरून उठून त्यानं डालग्यात बघितलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "बाईनं घेतल्या. रोज तिच्या दारातनं जाताव, मान कुठं दिला तुमी?"

गोजर म्हणाली, "मंग एक घ्यायची. पाच कशाला? बाईच्या घरी काय लगीन हाय?" पण घाबरली होती. तिचं सगळं घर त्या कोंबड्यांवर.

 दादा मागे आला, पडदे वर केले आणि नळीच्या सांध्यावर हात फिरवत राहिला, जसा वैदू पोटावरून फिरवतो. गोजरला म्हणाला, "कोंबड्यांचं मी बघतो." मग सगळ्यांना म्हणाला, "पडदे वरच राहू द्या." सापगावपर्यंत बायकांनी ते परत सोडले. थंडी किती होती!

१३ डिसेंबर

दादा आणि वाल्मिकशेठची अंगणात बाचाबाची. मी चाक धूत होतो, तुटक ऐकू आलं. दादा म्हणत होता, "कोंबडी मेली, उद्या मानूस मरंल." शेठ म्हणाला, "हळू बोल. हे लोकांत गेलं तर उद्या गाडीत कोन चढनार नाय, आनि परवा गाडी मिलिटरीत. तुजीच ना ती? तूच सांग, देऊ?"

 शेठ गेल्यावर दादा चिखल, काथ्या आणि राख कालवून नळीचे सांधे लिंपत बसला. रंभावहिनी म्हणाल्या, "चूल कधी अशी सारवून दिली नाय मला."

बाईची धास्ती त्यालाही बसलेली दिसते.

१८ डिसेंबर

दादा भलताच भाविक झाला! आज खिंडीच्या पायथ्याशी मोटार थांबवून खाली उतरला आणि ओरडला, "सगळ्यांनी उतरा. बाईच्या दारातनं कोन बसून जातो? पायी चढायचं, वर दगडापाशी उभं राहून मोठ्यानं नाव घ्यायचं, मंगच बसायचं. आनि खिंड होईस्तवर पडदे वर. बाईला झाकलेली गाडी चालत नाय."

धर्मा भगताला हे आधी सुचलं नाही याचं त्याला वाईट वाटलेलं दिसलं, पण मान हलवून म्हणाला, "बराबर हाय."

लोक मुकाट उतरले. पडदा वर करा म्हटलं तर कोणी ऐकत नव्हतं, बाई म्हटल्यावर म्हातारेसुद्धा चढ चढले. वर नाव घेताना सगळ्यांची छाती फुलत होती. दादा प्रत्येकाकडे बघत होता, तोंडाकडे, नुसतं बघत. पुढं सापगावलाही त्यानं काहीतरी निमित्त काढून सगळ्यांना पाय मोकळे करायला लावले.

मला काम दिलंय. खिंडीत मागचं बाक रिकामं झालं की "उतरले!" म्हणून ओरडायचं. त्याशिवाय तो गाडी हलवत नाही.

२७ डिसेंबर

मध्ये काही लिहिलं नाही. मुरबाडला एक पेटीवाला उतरला होता, त्याच्याकडे सा रे ग म शिकलो. ग पर्यंत आलं आणि तो निघून गेला.

मोटार एक दिवस चुकली नाही. कोंबड्या मरत नाहीत. डोकंही कमी दुखतं. बाई प्रसन्न आहे. दादानं गोजरला खरंच पाच कोंबड्या घेऊन दिल्या. ती म्हणते, "देवरामभाऊ, तू मोटार सोड आनि भगत हो. धर्मापेक्षा तुजा गुन येतो." दादा म्हणाला, "जवर पेट्रोल येत नाय तवर मला भगतच र्‍हायला लागंल बाय."

९ जानेवारी १९४४

लिहवत नाही. पण उद्या विसरलो तर? मी सगळं विसरतो.

गोजरच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता. टाच टम्म सुजलेली, अंगात कणकण. तरी बाजार सोडायचा नाही म्हणून आली. खिंडीशी सगळे उतरले. ती म्हणाली, "दामू, मला नाय चढवत रे. मी इथनंच हात जोडते. बायला बायमानसाचं दुखनं समजंल. तू सांग उतरले म्हनून." ती कुडकुडत होती. दादानं पुढून विचारलं, "उतरले का सगळे?" मी म्हणालो, "उतरले!" आणि तिला वारा लागू नये म्हणून मागचे पडदे सोडून नीट बांधले.

अर्ध्या चढावर मोटार बंद पडली. कोळसा ओला होता. लखमाला शंभरदा सांगितलंय. दादा पुढून ओरडला, "दामू, पंखा मार!" लोक वर पोचले होते. मी हँडल मारायला लागलो. दादा पुढे इंजिनात डोकं घालून होता. विस्तव धरत नव्हता. मी फिरवतोय, फिरवतोय. पडद्याआडून गोजर म्हणाली, "दळ रे बाबा, दळ. भाकरी करून घालीन." मी म्हणालो, "कोंबडीचा रस्सा पायजे." ती हसली. मग म्हणाली, "डोला लागतो रे. शापूर आला का उठव." मी म्हटलं झोप. तापाच्या माणसाला झोप बरी. मी फिरवत राहिलो. एकदा हाक मारली, उत्तर आलं नाही. म्हटलं लागला डोळा.

मोटार चालू झाली. वर दगडापाशी थांबलो. बायका चढायला आल्या आणि मी बांधलेला पडदा त्यांनी उघडला.

गोजर भिंतीला डोकं टेकून बसली होती. गाल लाल, नवरीसारखे. मला खरंच वाटलं झोपलीय. डालगं मांडीवर. त्यातलं एकही पाखरू हलत नव्हतं.

दादानं तिला उचलून रस्त्याकडेला वाऱ्यात निजवलं. मुंडाशानं वारा घालत होता, छाती चोळत होता आणि ओरडत होता, "सरका! वारा येऊ द्या! वारा सोडा तिला!" वारा भरपूर होता. खिंडच ती. तिच्या पदरापलीकडे काही हललं नाही.

१० जानेवारी

सरळगावच्या पाटलानं बघितलं, तापानं काळीज बंद पडलं म्हणाला. धर्मा भगत म्हणाला, काळीज कोणी बंद केलं ते विचारा. बसून गेली ती.

रात्री दादानं मला मोटारीपाशी बोलावलं. "पंखा कोनी फिरवला?"

"मी."

"किती वेळ?"

"तुम्ही पुरे म्हणेपर्यंत."

तो माझा हात धरून बसला. मग म्हणाला, "तू नाय फिरवलास. मी फिरवला. कोनी इचारलं, कधीबी, म्हातारा झालास तरी, तर मी फिरवला."

असं का म्हणाला समजलं नाही. पंखा फिरवण्यात विचारण्यासारखं काय आहे? माझा गुन्हा तो नव्हेच. मी बाईच्या दारात खोटं बोललो, हा गुन्हा. तो त्याला दिसत नाही की काय?

१४ जानेवारी

संक्रांत. दादा चार दिवस मोटार काढत नाही. आज देवळापुढं माणसं जमली होती, तिथं येऊन त्यानं सगळ्यांना सांगितलं. बाई-बिई काही नव्हती. बंबातून विषारी वायू गळतो. मागं कोंडतो. कोंबड्या त्यानंच मेल्या, गोजर त्यानंच गेली. दादा म्हणाला, मला पहिल्यापासून ठाऊक होतं. गाडी मिलिटरीत जाऊ नये म्हणून मी बाईचं नाव पुढं केलं, तुम्हाला वाऱ्यात काढायला.

लोक ऐकत होते. कोणीतरी विचारलं, "धूर तं दिसत नाय."

"दिसत नाय. धुरासारखा नसतोच तो."

"वास?"

"वासबी नाय."

धर्मा भगत हसला नाही, मोठ्या मायेनं बोलला. "देवराम, दिसत नाय, वास नाय, हाताला लागत नाय, आनि मानूस नेतो. अरे, मंग ती बाईच नाय का?"

सगळ्यांच्या माना हलल्या. माझीही हलली. दुसरं काय म्हणणार? दादा तोंड उघडून उभा राहिला, जसा गणितात अडलेला पोर. मला त्याची फार दया आली. गोजरच्या जाण्यानं त्याचं डोकं फिरलंय.

मग जो तो बोलू लागला. बाळंतीण शहापूरच्या दवाखान्यात कशी न्यायची? भाजी कशी जायची? गाडी काढ, दादा. मोठा मान देऊ, बकरं देऊ. दादा एवढंच म्हणाला, "मिलिटरीत जाऊ दे तिला. जाऊ दे." आणि हे म्हणताना रडला. ज्या मोटारीसाठी सगळं केलं तीच.

१८ जानेवारी

वाल्मिकशेठनं मोटार ताब्यात घेतली. दादा नाही तर दुसरा. दुसरा म्हणजे मी! सपाटीवर चाक धरलंय, चढही जमेल म्हणाला, लायसनचं तो बघेल. किलिंडर किन्हवलीचा एक माणूस दिलाय.

धर्मा भगतानं शेठच्या अंगणात बसून सांगितलं की बाईला तिचा मान पोचला. माणूस मिळाल्यावर आणखी काय मागेल? आता खिंडीत उतरायची गरज नाही. शेठ खूष, वेळ वाचतो. बायकाही खूष, थंडी वाढलीय. पडदे सोडलेले राहतील.

२४ जानेवारी

पुढं बसल्यापासून माझं डोकं एकदाही दुखलं नाही. बाईनं क्षमा केली म्हणायची. नवा किलिंडर मात्र कपाळ धरून बसतो. त्याला म्हटलं, सवय होते.

मागच्या बाकावर आज रेटारेटी होती.

२ फेब्रुवारी

देवरामदादा खिंडीत उभा असतो. सहा-सात दिवस झाले. अंधार असतानाच मुरबाडहून चालत निघतो म्हणे. मोटार कण्हत वर येते तेव्हा तो मागून धावतो आणि पडदे ओढतो. "उतरा गो, उतरा! वारा घ्या!" आतून बायका किंचाळतात, हातावर मारतात. धर्मा भगत म्हणतो, बाईनं त्याला झाड म्हणून धरलंय, ती त्याच्या अंगात येते, त्याला काही बोलू नका. म्हणून मोठी माणसं हात जोडतात, आणि मग परत पडदा बांधतात.

मी भोंगा वाजवून त्याला रामराम करतो. तो माझ्याकडे बघत नाही. मागच्या बाकाकडेच बघतो, माणसं मोजत असावा.

आज रंभावहिनी भेटल्या. म्हणाल्या, "दामू, तुजं ऐकतील रे गाडीतली. तू सांग ना." मी म्हटलं, काय सांगू? 

५ फेब्रुवारी

आज दादानं कोयता आणला होता. चढावर गाडी मंदावली आणि त्यानं डावे, उजवे, मागचे, सगळे पडदे उभे फाडले. चिंध्या करून दरीत टाकले. बायकांना वाटलं आपल्याला कापतोय. एक उडी मारून पळाली. किन्हवलीच्या माणसांनी त्याला धरला, कोयता काढून घेतला, दोरीनं हात बांधून झाडाखाली बसवला. तो काही झटापट करत नव्हता. बांधू देत होता. उघड्या बाकाकडे बघत होता, आणि चेहरा असा, की मी लागल्यापासून एवढा निवांत पाहिला नव्हता.

पुढं सापगावपर्यंत सगळ्यांना गारठा बोचत होता. शिव्या देत होते. कोणाचा डोळा लागला नाही, किलिंडरचंही डोकं दुखलं नाही.

संध्याकाळी शेठ म्हणाला, पोलिसात देत नाही, घरचा माणूस आहे, खोलीत कोंडून ठेवायला सांगतो. पडद्यांची काळजी करू नको. कल्याणहून नवं कापड मागवलंय, मेणाचं, दुहेरी शिवणीचं. सोमवारी बसेल. शेठ सांगत होता, त्यातून टाचणीएवढा वारा शिरणार नाही.